मार्ककृत शुभवर्तमान पहिल्यांदा वाचताना: सुरुवात कुठून, रोज किती, आणि कुठे अडतं

चौथा प्रहर (धागाकर्ता)

‘शुभवर्तमान वाचायचं आहे, कुठून सुरू करू?’ असं विचारलं की बहुतेक जण मत्तय उघडून देतात, कारण बायबलच्या नव्या करारात तो पहिला छापलेला असतो. पहिल्याच पानावर अब्राहामापासूनची वंशावळ येते आणि नवा वाचक तिथेच थबकतो. त्यापेक्षा मार्क घ्या. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी सांगितलेल्या येशूच्या चार चरित्रांत, म्हणजे शुभवर्तमानांत, सर्वांत लहान, १६ अध्याय. मोठ्याने वाचलं तरी साधारण दोन तासांत होतं. शिवाय बहुसंख्य अभ्यासकांच्या मते चौघांत आधी लिहिलेलंही हेच, इ. स. ७० च्या आसपास. मत्तय आणि लूक यांनी ते समोर ठेवून लिहिलं असं मानलं जातं. मार्कमधला सुमारे नव्वद टक्के मजकूर मत्तयात कुठल्या ना कुठल्या रूपात सापडतो. म्हणजे मार्क नीट कळला की पुढच्या दोघांचा रस्ता अर्धा झालेला असतो.

पद्धत अशी.

पहिली बैठक अभ्यासाची नाही. पारायणाला बसतो तसं बसायचं आणि १:१ पासून १६:८ पर्यंत (आधी अध्याय, मग ओवी) एका दमात, मोठ्याने वाचायचं. टीपा घ्यायच्या नाहीत, अडलं तरी थांबायचं नाही. मधले ठळक मथळे वगळायचे, ते प्रकाशकांनी घातलेले आहेत. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली, आणि ओव्यांचे आकडे तर १५५१ मध्ये पॅरिसहून जिनिव्हाला गेलेल्या रोबेर एस्तिएन या मुद्रकाने घातले. मूळ लिखाण सलग होतं आणि ते ऐकण्यासाठी होतं. १३:१४ मध्ये लेखक मध्येच कंसात ‘वाचणाऱ्याने समजून घ्यावे’ असं म्हणतो. समोर कुणीतरी वाचून दाखवतंय आणि बाकीचे ऐकताहेत, असं गृहीत धरून लिहिलेलं पुस्तक आहे हे.

दुसऱ्या बैठकीत फक्त नकाशा. कोऱ्या कागदावर तीन खण करा. १:१ ते ८:२६ गालील आणि आसपास. ८:२७ ते १०:५२ वाटेवर. ११:१ पासून शेवटपर्यंत यरुशलेम. पहिल्या खणात घटनांची नुसती धावपळ आहे, ‘लागलेच’ हा शब्द सारखा येतो (मूळ ग्रीकमध्ये त्या अर्थाचा ‘एउथुस’ चाळीसएक वेळा आहे). शेवटच्या खणात मात्र सहा अध्याय जवळजवळ एकाच आठवड्याला दिलेत. लेखकाने वेग कुठे कमी केला हे कळलं, की त्याला काय महत्त्वाचं वाटतं ते आपोआप कळतं.

त्यानंतर रोज २५ ओव्या. एकूण ६६० च्या आसपास आहेत, चार आठवड्यांत होतं. रोज अर्धा-पाऊण तास पुरे. वहीत चार रकाने आखा: कोण बोलतं, कुणाशी, कुठे (घर, होडी, डोंगर, वाट, मंदिर), आणि ऐकणाऱ्यांनी काय केलं. चौथा रकाना सोडू नका. मार्कमध्ये येशूची लांबलचक भाषणं मोजकीच आहेत. लोक थक्क होतात, भितात, चिडतात, निघून जातात, आणि लेखकाचं बरंचसं म्हणणं त्या प्रतिक्रियांमध्ये आहे.

एक पथ्य मात्र कडक पाळा. हे चार आठवडे मत्तय, लूक, योहान मध्ये आणू नका. मार्कमध्ये येशूच्या जन्माची कथा नाही. बेथलेहेम नाही, मागी (पूर्वेचे ज्ञानी) नाहीत, मेंढपाळ नाहीत. तो एकदम मोठा झालेला, बाप्तिस्म्यासाठी आलेला दिसतो. नाताळच्या देखाव्यांमुळे डोक्यात आधीच बसलेलं चित्र इथे भरू गेलात, तर लेखकाने जे मुद्दाम रिकामं ठेवलंय ते दिसणार नाही.

ओवीबद्ध

भाषांतराबद्दल आधीच सांगून ठेवतो, कारण नव्या वाचकाची निम्मी अडचण तिथे असते.

मराठीत नवा करार छापून आल्याला दोन शतकं उलटली. बंगालमधल्या सेरामपूरहून विल्यम कॅरीच्या मंडळींनी तो १८११ मध्ये काढला. आज सहज मिळते ती बायबल सोसायटी ऑफ इंडियाची ‘पवित्र शास्त्र’ ही आवृत्ती. भाषा थोडी जुन्या वळणाची, पण मुळाला बरीच धरून. अभ्यासासाठी ही मुख्य ठेवा. सोबतीला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ घ्या, मराठी आजचं आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं संपूर्ण भाषांतर मिळालं तर अडलेल्या ओवीपुरतं ताडून बघायला फार उपयोगी.

दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की शब्द वेगळे दिसतील, त्याने गोंधळू नका. प्रोटेस्टंट वळणाच्या आवृत्तीत ‘वधस्तंभ’ आणि ‘दाखला’, कॅथलिक वळणाच्या लिखाणात ‘क्रूस’ आणि ‘दृष्टान्त’. वस्तू एकच.

काही शब्दांपुढे मात्र पेन्सिलीने खूण करा, कारण ते ओळखीचे वाटतात आणि फसवतात. ‘शास्त्री’ म्हणजे आपल्याकडचे वेदशास्त्रसंपन्न शास्त्रीबुवा नव्हेत, ते मोशेच्या नियमशास्त्राचे लेखनिक आणि जाणकार. ‘भाकर’ म्हणजे ज्वारी-बाजरीची नव्हे, गव्हाची किंवा जवाची भाजलेली रोटी. ‘वल्हांडण’ हा शब्द ओलांडून जाण्यावरून आलेला, मिसरमधून (इजिप्तमधून) सुटकेच्या रात्रीची आठवण करणारा सण. ‘बेखमीर’ म्हणजे आंबवण न घातलेलं.

आणि एक उदाहरण मुद्दाम देतो, भाषांतरात काय हरवतं ते दिसावं म्हणून. १:१० मध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी आकाश ‘विदारलेलं’ दिसतं. १५:३८ मध्ये मंदिरातला पडदा वरून खालपर्यंत ‘फाटतो’. ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच आहे, ‘स्खिझो’, फाडणे. पहिल्या फाटण्यानंतर लगेच आकाशातून वाणी होते की तू माझा पुत्र आहेस. दुसऱ्या फाटण्यानंतर लगेच रोमी शताधिपती म्हणतो की खरोखर हा मनुष्य देवाचा पुत्र होता. पुस्तकाच्या दोन टोकांना लेखकाने एकच खूण बांधली आहे. मराठीत दोन वेगळे शब्द आल्यामुळे ती गाठ सुटते. हाताने दोन्हीकडे ‘फाडणे’ लिहून ठेवा.

पायवाट

फार छान धागा. शंका: जुना करार न वाचता मार्क कळेल का? आधी तो संपवावा असं सुचवलं जातं.

नगरची माती

आधी संपवायला बसलात तर लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत जाऊन बायबल मिटेल. जुन्या कराराची ३९ पुस्तकं आहेत (कॅथलिक बायबलमध्ये आणखी सात). पहिल्या वाचनाला त्यातले मोजके उतारे पुरतात. ते त्या त्या जागी आले की वाचा, आधी नको.

१:२-३ ला आलात की मलाखी ३:१ आणि यशया ४०:३ उघडा. मार्क दोन्ही वचनं जोडतो आणि नाव फक्त यशयाचं घेतो. नंतरच्या काही हस्तलिखितांत नकलनविसांनी तिथे ‘संदेष्ट्यांच्या ग्रंथांत’ अशी दुरुस्ती केलेली दिसते. १:६ ला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा केसाळ पोशाख आणि कमरेचा चामड्याचा पट्टा वाचलात की २ राजे १:८ बघा, एलीया हा संदेष्टा नेमका तसाच ओळखला जातो. हे एकदा लक्षात आलं की ९:११-१३ मधलं एलीयाबद्दलचं बोलणं कोडं राहत नाही.

१२:१ च्या द्राक्षमळ्यासाठी यशया ५:१-७. मंदिरातल्या ११:१७ साठी यशया ५६:७ आणि यिर्मया ७:१-१५, दुसरा उतारा पूर्ण वाचा. ‘लुटारूंची गुहा’ हे शब्द यिर्मयाचे आहेत, आणि तिथला मुद्दा नुसता बाजारभावातल्या लुबाडणुकीचा नाही. लुटारू लूट बाहेर करतो, गुहेत येऊन सुरक्षित बसतो. बाहेर अन्याय करून मंदिरात येऊन ‘आम्ही सुटलो’ म्हणणाऱ्यांवर यिर्मया बोलतो. १४:६२ साठी दानीएल ७:१३-१४. आणि १५ वा अध्याय वाचायच्या आदल्या दिवशी स्तोत्र २२ संपूर्ण. वस्त्रं वाटून घेणं, डोकी हलवणं, ‘माझ्या देवा, तू मला का सोडलंस’, सगळं तिथून आलंय.

एवढंच. दहा-बारा पानांचा ऐवज आहे.

समुद्रकाठ

भूगोलाचा नकाशा शेजारी हवाच. बायबलच्या मागे असतो, नसेल तर हाताने काढा.

‘गालीलचा समुद्र’ हा समुद्र नव्हे, गोड्या पाण्याचं सरोवर. लांबी सुमारे २१ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त १३, आणि पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली. भोवती डोंगर. वरची गार हवा उतरून खालच्या उबदार हवेवर आदळते आणि वादळ अचानक उठतं. ४:३७ मधलं वादळ असं. १९८६ मध्ये दुष्काळाने पाणी आटलं तेव्हा वायव्य काठाच्या चिखलात पहिल्या शतकाच्या सुमाराची एक लाकडी नाव सापडली, लांबी सव्वाआठ मीटर, रुंदी सव्वादोन. बारा-पंधरा माणसं बसली की भरली. लाटा आत येताहेत आणि येशू मागच्या बाजूला उशीवर निजलाय, हे चित्र त्या मापाच्या नावेत बसवून बघा. शिष्यांच्या ओरडण्यातली भीती खरी वाटते.

मग वाट. कैसरीया फिलिप्पै हे उत्तरेचं टोक, हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी. तिथे ‘तुम्ही मला कोण म्हणता’ हा प्रश्न येतो (८:२९) आणि तिथून वाट दक्षिणेला यरुशलेमाकडे वळते. शेवटचा टप्पा यरीहो ते यरुशलेम, पंचवीसेक किलोमीटर, पण सुमारे १००० मीटरची चढण. कर्जतहून लोणावळ्याला चढतो त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून १०:३२ मध्ये ‘वर यरुशलेमास’ म्हटलंय, आणि मागून येणारे घाबरले होते असंही.

वेळेबद्दलही सांगतो. यहूदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. १:३२ मध्ये सूर्य मावळल्यावर लोक आजाऱ्यांना घेऊन दाराशी येतात. सूर्य मावळेपर्यंत का थांबले? १:२१ बघा, तो शब्बाथ होता, यहूद्यांचा विसाव्याचा दिवस. ओझं वाहायचं नाही. शब्बाथ संपला आणि गाव लोटलं. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाला ‘शनिवार तेली’ हे नाव पडलं ते याच शब्बाथामुळे, शनिवारी घाणा बंद. २:२३ ते ३:६ वाचताना हे लक्षात ठेवा. तो वाद ‘धर्म पाळणारे विरुद्ध न पाळणारे’ असा नाही. शब्बाथ पाळायचा कसा, यावरचा यहूद्यांमधलाच वाद आहे. येशू यहूदी, शिष्य यहूदी, विचारणारेही यहूदी.

६:४८ मधला ‘रात्रीचा चौथा प्रहर’ मात्र रोमी मोजणी आहे, रात्रीचे चार पहारे. आपल्या प्रहरांशी ते आयतं जुळतं: पहाटे तीन ते सहा. धागाकर्त्यांनी नाव तिथूनच घेतलेलं दिसतंय.

चौथा प्रहर

हो, तिथूनच.

बालबोध

माझं अडतं ते गप्प बसवण्यापाशी. येशूने लोकांना बरं करायचं आणि ‘कुणाला सांगू नका’ म्हणायचं. १:४४, ५:४३, ७:३६, भुतांनाही बोलू देत नाही (१:३४, ३:१२). पेत्र या शिष्याने ‘तू ख्रिस्त आहेस’ असं ओळखलं तर त्यालाही ताकीद (८:३०). आणि ५:१९ मध्ये नेमकं उलट, ‘घरी जा आणि सांग’. कसं लावायचं?

ओवीबद्ध

हा प्रश्न जुना आहे. जर्मन अभ्यासक विल्यम व्रेडे यांनी १९०१ मध्ये यावरच ग्रंथ लिहिला, तेव्हापासून ‘ख्रिस्तपणाचं गुपित’ हा मार्कच्या अभ्यासाचा कायमचा विषय झाला. त्यांचं म्हणणं असं, की ही गुप्तता इतिहासातली नाही, लेखनातली आहे. पुष्कळांनी त्याला विरोध केला. नव्या वाचकाने तो वाद सोडवायची गरज नाही, पण एक तक्ता करावा. गप्प राहण्याच्या सगळ्या आज्ञा एका खाली एक, पुढे जागा, आणि पाळली की मोडली.

तक्त्यात तीन गोष्टी दिसतात. बऱ्या झालेल्यांनी आज्ञा मोडल्याचं लेखक सरळ सांगतो (१:४५, ७:३६). ५:१९ ची घटना सरोवरापलीकडे यहूदी नसलेल्यांच्या मुलखात आहे, जिथे डुकरांचे कळप आहेत. ‘ख्रिस्त’ म्हणजे रोमी सत्ता उलथवणारा राजा, ही अपेक्षा तिथे नाही. आणि ९:९ मध्ये गुपिताला मुदत आहे: मेलेल्यांतून उठेपर्यंत. मार्कपुरतं उत्तर त्या मुदतीत आहे असं मला वाटतं. वधस्तंभ बाजूला ठेवून नुसत्या चमत्कारांवरून ‘हा ख्रिस्त’ म्हटलेलं या लेखकाला अपुरं वाटतं. म्हणून भुतांनी म्हटलेलं चालत नाही, आणि मरताना बघून शताधिपतीने म्हटलेलं चालतं.

चौथा प्रहर

आता एक उतारा जवळून बघू. मार्कची एक लकब आहे: गोष्ट सुरू करायची, मध्ये दुसरी घालायची, मग पहिली पुरी करायची. ३:२०-३५, ५:२१-४३, ६:७-३०, ११:१२-२५, १४:१-११, १४:५३-७२. या सहा जागी तर हे ठळक आहे. आतली गोष्ट बाहेरचीचा अर्थ सांगते.

५:२१-४३ घ्या. याइर येतो. सभास्थानाचा अधिकारी, नाव असलेला माणूस, पाया पडून विनवतो की माझी लहान मुलगी मरणपंथाला लागली आहे. येशू निघतो. आणि ५:२५ ला लेखक ही धावपळ अर्धवट टाकून एका बाईकडे वळतो. बारा वर्षं रक्तस्राव, अनेक वैद्यांच्या हातचे हाल, जवळचं सगळं खर्च, उतार नाहीच. तिचं नाव सांगत नाही. याइर समोरून येतो, ती मागून येते. तो पाया पडून मागतो, ती न विचारता वस्त्राला शिवते.

इथे पहिल्या रकान्यातले ‘कोण बोलतं’ बघा. येशू विचारतो, मला कोण शिवलं? शिष्य म्हणतात, एवढी गर्दी लोटतेय आणि हे काय विचारता? याइर गप्प आहे. त्याची मुलगी मरतेय आणि मंडळी रस्त्यात थांबली आहेत. ती बाई थरथरत पुढे येऊन सगळं सांगते, ५:३३. येशू तिला म्हणतो, ‘मुली’. आणि तो बोलत असतानाच, ५:३५, याइराच्या घरून निरोप येतो: तुमची मुलगी मेली. दोन ओव्यांत दोन मुली. एक आत्ता ‘मुली’ म्हणून ओळखली गेली, दुसरी त्याच क्षणी गेली असं कळतं.

मग घर, आकांत, ‘तलीथा कूम’, मुलगी उठून चालू लागते. आणि आता अगदी शेवटी, ५:४२ ला, लेखक सांगतो की ती बारा वर्षांची होती. हे आधी सांगता आलं असतं. हा आकडा शेवटी ठेवल्यामुळे वाचक मागे वळतो: ही जन्मली त्याच सुमारास त्या बाईचं दुखणं सुरू झालं.

नव्या वाचकाची चूक इथे काय होते? दोन गोष्टी वेगळ्या काढून दोन ‘बोध’ लिहिले जातात. छापील मथळेही कधी कधी तसेच तोडलेले असतात. ५:३६ मधलं ‘भिऊ नको, विश्वास धर’ हे याइराला कधी सांगितलं ते बघा. त्या बाईला तुझ्या विश्वासाने बरं केलं, असं म्हटलेलं त्याने नुकतंच कानांनी ऐकलंय. ते वेगळं काढलं की वाक्य भिंतीवर टांगायच्या सुविचारासारखं होतं.

नगरची माती

इथे जोडते. मराठी वाचकाला ‘रक्तस्राव’ वाचून लगेच विटाळ आठवतो, आणि लेवीय १५:२५-३० मध्ये तसा नियम आहेही. पण मार्क या उताऱ्यात अशुद्धतेचा शब्द काढत नाही, गर्दी दूर सरत नाही, येशूला कुणी दोष देत नाही. लेखकाचा भर दुखण्यावर, खर्चावर आणि भीतीवर आहे. विटाळाचा संदर्भ समासात लिहा, उत्तराच्या मध्यभागी नको. जे मजकुरात नाही ते पार्श्वभूमीतून आणून मुख्य करणं, ही अभ्यास सुरू केल्यावरची हमखास चूक.

पायवाट

पैशांचं गणित लागत नाही. ६:३७ ला दोनशे, १४:५ ला तीनशे, १२:४२ ला टोल्या.

समुद्रकाठ

तुमच्या आवृत्तीत ‘दीनार’ असेल किंवा सरळ ‘रुपये’. रुपये असले तरी दीनार वाचा: मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे दोनशे दीनार हे जवळजवळ आठ महिन्यांच्या कामाचे. आणि ते सुगंधी तेल तीनशेच्या वरचं, सुट्टीचे दिवस वजा जाता वर्षाची कमाई. लोक चिडले ते उगाच नाही.

१२:४२ मध्ये विधवा दोन टोल्या टाकते. लेखक लगेच त्यांची किंमत रोमी नाण्यात सांगतो, ‘क्वाद्रान्स’, ज्याला मराठीत दमडी केलंय. एका दीनारात असे ६४ क्वाद्रान्स. म्हणजे दिवसभराच्या मजुरीचा चौसष्टावा भाग, आणि तोही दोन नाण्यांत. एक स्वतःला ठेवता आलं असतं. ‘दोन’ हा शब्द म्हणून महत्त्वाचा.

या बारक्या खुलाशावरून वाचकही कळतो. पूर्वेकडची टोली ज्याला रोमी नाण्यात समजावावी लागते, ७:३-४ मध्ये यहूदी हात धुण्याची रीत सांगावी लागते, बहुतेक अरामी शब्दांचा अर्थ द्यावा लागतो, तो श्रोता पॅलेस्टाइनमधला यहूदी नसावा. शताधिपतीला मत्तय-लूक ग्रीक शब्द वापरतात, मार्क लॅटिन शब्दच ग्रीक अक्षरांत लिहितो. परंपरा म्हणते की मार्क हा पेत्राचा दुभाष्या होता आणि पेत्राच्या आठवणी त्याने लिहिल्या. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या पापियास या बिशपाचं हे म्हणणं चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने नोंदवून ठेवलंय. मजकुरात लेखक स्वतःचं नाव कुठेच घेत नाही.

बालबोध

‘मनुष्याचा पुत्र’ आणि ‘देवाचा पुत्र’, पहिलं मानवी बाजू आणि दुसरं दैवी बाजू, असंच ना?

ओवीबद्ध

ऐकायला नेटकं आहे, पण मार्कमध्ये तसं बसत नाही. हिब्रू शास्त्रात ‘देवाचा पुत्र’ हे इस्राएल लोकांना (निर्गम ४:२२) आणि अभिषिक्त राजाला (स्तोत्र २:७) म्हटलंय. आपल्याकडच्या देवपुत्रांच्या कथांसारखा जन्माचा अर्थ आधी धरू नका. उलट ‘मनुष्याचा पुत्र’ दानीएल ७ मध्ये ढगांवर येतो आणि त्याला सर्वकाळचं राज्य मिळतं. मार्क हाच किताब तीन प्रकारे वापरतो: पापक्षमेचा अधिकार (२:१०), दुःख सोसणं (८:३१, ९:३१, १०:३३), आणि पुन्हा येणं (१४:६२). सगळ्या जागा एका पानावर लिहा, व्याख्या नंतर.

आणि ती तीन दुःखाची भाकितं बघताना पुढच्या ओव्याही घ्या. पहिल्यानंतर पेत्र येशूलाच दटावतो. दुसऱ्यानंतर शिष्य वाटेत मोठा कोण यावर वाद घालतात. तिसऱ्यानंतर याकोब आणि योहान उजवी-डावी आसनं मागतात. हा सगळा भाग दोन आंधळ्यांच्या मधोमध ठेवलाय. आधी बेथसैदाचा (८:२२-२६), ज्याला पहिल्या स्पर्शाने माणसं झाडांसारखी चालताना दिसतात आणि दुसऱ्यांदा हात ठेवल्यावर स्पष्ट दिसतं. शेवटी बार्तीमय (१०:४६-५२), जो बरा होऊन वाटेने त्याच्यामागे चालू लागतो. मधल्या काळात शिष्यांना धूसरच दिसतंय.

पायवाट

शेवटचा प्रश्न. धाग्यात १६:८ पर्यंतच वाचा म्हटलंय. माझ्या प्रतीत २० पर्यंत आहे, आणि १६:१५ तर प्रवचनात नेहमी ऐकू येतं.

चौथा प्रहर

चौथ्या शतकातली दोन सर्वांत महत्त्वाची हस्तलिखितं, सिनायटिकस आणि व्हॅटिकनस, १६:८ ला संपतात. ९ ते २० या ओव्या नंतरच्या बहुतेक हस्तलिखितांत आहेत. त्या जुन्याही आहेत, दुसऱ्या शतकाच्या शेवटी इरेनियसला त्यातलं वचन माहीत होतं. चर्चने त्या शास्त्र म्हणून स्वीकारल्या आहेत, त्यामुळे प्रवचनात येणं स्वाभाविकच. पण मार्कच्या हाताची लकब तिथे दिसत नाही. १६:९ मध्ये मग्दालीया मरीयेची ‘जिच्यातून सात भुतं काढली होती ती’ अशी नव्याने ओळख करून दिली आहे, आणि ती तर १५:४० पासून समोरच आहे. तळटीप वाचा आणि दुसऱ्या फेरीला त्या ओव्या स्वतंत्र घ्या. ७:१६, ९:४४, ९:४६, ११:२६ आणि १५:२८ हे आकडे काही आवृत्त्यांत गायब दिसतात तेही याच कारणाने. जुन्या हस्तलिखितांत त्या ओव्या नाहीत. पान फाटलेलं नाही.

शेवटच्या दिवशी असं करा. १६:१-८ मोठ्याने वाचून थांबा. कबरेतला तरुण आलेल्या स्त्रियांना सांगतो, शिष्यांना आणि पेत्राला जाऊन सांगा, तो तुमच्याआधी गालीलात जातो आहे. पुस्तकभर ‘सांगू नका’ म्हटलेलं लोकांनी सांगितलं. आता ‘सांगा’ म्हटलंय आणि त्या स्त्रिया कुणाला काहीच सांगत नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. वहीतल्या चौथ्या रकान्यात तेवढंच लिहा, खाली जागा मोकळी सोडा, आणि दुसऱ्या दिवशी १:१४ उघडा. तिथे तो गालीलात येतो.